वेळापत्रक आणि जोखीम : सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नियोजन

पूल बांधला जात असला की त्याची प्रगती कोणालाही दिसते. नदीपात्रातून किती खांब वर आले आहेत, त्यांपैकी कितींवर तुळया चढल्या आहेत, हे काठावरून जाणारा वाटसरूही सांगू शकतो. संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे ज्याला आता आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतो त्याची, गोष्ट निराळी आहे. ती अर्धी झाली आहे की पाऊण, हे डोळ्यांना दिसत नाही. ती लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा ते नेमके ठाऊक नसते. काम 'नव्वद टक्के झाले' असे सांगितले जाते, आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आधीच्या नव्वद टक्क्यांइतकाच काळ लागतो, हा अनुभव या व्यवसायात इतका सार्वत्रिक आहे की त्यावर आता कोणी आश्चर्यही व्यक्त करीत नाही. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेने भरविलेल्या परिषदेत जगातील संगणकतज्ज्ञ एकत्र आले, ते याच चिंतेने. मोठ्या आज्ञावल्या वेळेवर का होत नाहीत, खर्च अंदाजाबाहेर का जातो, आणि झालेले काम विश्वसनीय का नसते, हे प्रश्न तेथे उघडपणे मांडले गेले.

अदृश्य अशा या कामाचे वेळापत्रक कसे आखावे आणि त्यातील जोखीम कशी ओळखावी, हा या प्रकरणाचा विषय होय. विवेचनासाठी आपण बंगळूरू शहरातील एक प्रत्यक्ष उदाहरण घेणार आहोत. बंगळूरूचे नाव घेताच आज वाचकाला खाजगी सॉफ्टवेअर कंपन्यांची संकुले आठवतात. परंतु त्या शहरातील अतिशय कठीण अशा सॉफ्टवेअर प्रकल्पांपैकी एक पार पडला तो सरकारी प्रयोगशाळांमध्ये. 'तेजस' या भारतीय बनावटीच्या हलक्या लढाऊ विमानाची उड्डाण-नियंत्रण आज्ञावली, हा तो प्रकल्प. तेथे वेळापत्रक चुकले तर टीका होणार होती; आज्ञावली चुकली तर वैमानिकाचे प्राण जाणार होते. या दोहोंतील ताण समजून घेण्यापूर्वी नियोजनाच्या साधनांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

आलेखांची परंपरा

काम आणि काळ यांचे नाते चित्ररूपाने दाखविण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. पोलंडमधील अभियंता कारोल आदामिएत्स्की याने १८९६ च्या सुमारास अशा प्रकारचा आलेख तयार केला होता. परंतु त्याचे लेखन पोलिश भाषेत असल्यामुळे बाहेरच्या जगात त्याची दखल घेतली गेली नाही. अमेरिकन अभियंता हेन्री गँट याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रचारात आणलेला आलेख मात्र सर्वदूर पसरला आणि आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. गँट आलेखात डाव्या बाजूस कामांची यादी असते, वरच्या कडेवर दिवस किंवा आठवडे असतात, आणि प्रत्येक कामापुढे एक आडवी पट्टी असते. पट्टी जेथे सुरू होते तेथे काम सुरू होते, जेथे संपते तेथे काम संपते. आजच्या तारखेवर एक उभी रेघ ओढली की कोणते काम मागे पडले आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते.

या आलेखाचा गुण हाच त्याचा दोषही आहे. पट्ट्या एकाखाली एक मांडल्या असल्या तरी कोणते काम कोणत्या कामावाचून अडेल, हे त्यांतून पुरेसे स्पष्ट होत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या दोन पद्धती १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी उदयास आल्या. द्यू पाँ या रसायन कंपनीने कारखान्यांची उभारणी आणि दुरुस्ती यांसाठी एक पद्धत विकसित केली, आणि अमेरिकन नौदलाने पोलारिस या पाणबुडीवरील क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी 'पर्ट' नावाची दुसरी. दोहोंमध्ये कामे ही बाणांनी जोडलेल्या जाळ्याच्या स्वरूपात मांडली जातात. या जाळ्यात आरंभापासून शेवटापर्यंत जाणारा जो मार्ग सर्वांत लांब, त्याला आपण निर्णायक मार्ग म्हणू. त्या मार्गावरील कोणतेही काम एक दिवस लांबले तर संपूर्ण प्रकल्प एक दिवस लांबतो. इतर कामांना थोडीफार सवड असते.

ग्रंथालयाचे एक उदाहरण

हे सारे एका काल्पनिक, पण परिचित उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाला पुस्तकांच्या देवघेवीसाठी संगणकीय व्यवस्था हवी आहे. तिचे उद्घाटन १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, करावयाचे ठरले आहे. कामे अशी : ग्रंथालयाच्या गरजांचा अभ्यास, तीन आठवडे, आज्ञावलीची रचना ठरविणे, चार आठवडे, आज्ञावली लिहिणे, सहा आठवडे, पुस्तकांच्या नोंदीचा नमुना तयार करणे, एक आठवडा, जुन्या दाखल-नोंदवहीतील वीस हजार पुस्तकांच्या नोंदी संगणकात भरणे, दहा आठवडे, सर्व व्यवस्थेची चाचणी, चार आठवडे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, दोन आठवडे. गरजांचा अभ्यास झाल्यावर रचनेचे आणि नोंदींचे काम एकाच वेळी स्वतंत्रपणे चालू शकते. चाचणीसाठी मात्र दोन्ही पूर्ण असावी लागतात.

आता दोन्ही मार्गांची बेरीज करून पाहू. अभ्यास, रचना आणि लेखन यांना मिळून तेरा आठवडे लागतात. अभ्यास, नमुना आणि नोंदी यांना मिळून चौदा. म्हणजे निर्णायक मार्ग संगणकतज्ज्ञाच्या टेबलावरून जात नसून नोंदवही उघडून बसलेल्या कारकुनाच्या टेबलावरून जातो. पुढे चाचणी आणि प्रशिक्षण यांचे सहा आठवडे मिळविले म्हणजे एकूण वीस आठवडे होतात, आणि १ मे साधावयाचा तर १२ डिसेंबरला काम सुरू व्हावयास हवे. जाळे काढले नसते तर ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने सगळे लक्ष आज्ञावलीवर केंद्रित केले असते, आणि विलंब भलत्याच दिशेने आला असता.

परंतु येथवर आपण प्रत्येक कामाला एकच आकडा दिला. वस्तुतः आज्ञावली लिहिण्यास 'सहा आठवडे' लागतील याचा अर्थ, बहुधा सहा लागतील, असा आहे. सारे सुरळीत झाले तर चार पुरतील. अडचणी आल्या तर चौदाही लागतील. पर्ट पद्धतीत हे तिन्ही अंदाज विचारले जातात. सर्वांत संभाव्य अंदाजाची चौपट करून तीत आशावादी आणि निराशावादी अंदाज मिळवावयाचे आणि बेरजेला सहाने भागावयाचे. चार, अधिक चोवीस, अधिक चौदा, म्हणजे बेचाळीस. भागिले सहा, म्हणजे सात. सहाचे सात झाले, याचे कारण उघड आहे : काम लवकर संपण्याला मर्यादा असते, उशिरा संपण्याला जवळजवळ नसते.

सात हा आकडा स्वीकारताच पहिला मार्गही चौदा आठवड्यांचा होतो. आता दोन्ही मार्ग बरोबरीचे झाले. प्रत्येक मार्ग चौदा आठवड्यांत पूर्ण होण्याची शक्यता सुमारे निम्मी आहे आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही असे धरले, तर दोन्ही वेळेवर पूर्ण होण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे चारांत एक, एवढीच उरते. ज्या ठिकाणी अनेक मार्ग येऊन मिळतात ते स्थान म्हणूनच नेहमी धोक्याचे. सॉफ्टवेअर प्रकल्पांत असे स्थान बहुधा चाचणीच्या प्रारंभी येते. सगळे सुटे भाग तेथे प्रथमच एकत्र येतात, आणि तोवर झाकलेला उशीर तेथे उघडा पडतो.

माणसे वाढविल्याने काय होते

काम मागे पडले की पहिला उपाय सुचतो तो माणसे वाढविण्याचा. नोंदी भरण्याच्या कामात तो लागू पडेल. नोंदवहीचे दोन भाग करून तिसरा कारकून बसविला तर काम खरोखरच लवकर संपेल. आज्ञावली लिहिण्याच्या कामात तसे होत नाही. आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांसाठी कार्यप्रणाली तयार करण्याची जबाबदारी सांभाळलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या गोष्टीकडे जगाचे लक्ष वेधले. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढविली तर उशीर आणखी वाढतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो. शिवाय प्रत्येकाला इतरांशी सल्लामसलत करावी लागते. पाच माणसांमध्ये अशा परस्परसंबंधांच्या जोड्या दहा होतात, तर दहा माणसांमध्ये पंचेचाळीस. माणसे दुप्पट होतात, पण बोलणी साडेचारपट होतात.

याच कारणाने प्रगतीचे मोजमाप टक्क्यांत करणे टाळावे. त्याऐवजी ज्यांचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच असेल असे टप्पे आलेखावर असावेत. 'नोंदींचे काम साठ टक्के झाले' या विधानापेक्षा 'पहिल्या पाच हजार नोंदी दुसऱ्या माणसाकडून तपासून झाल्या' हे विधान अधिक उपयुक्त होय.

जोखीम म्हणजे काय

जोखीम म्हणजे अद्याप न घडलेली, पण घडली तर नुकसान करणारी गोष्ट. घडून गेलेली अडचण ही जोखीम नव्हे. तिला तोंडच द्यावे लागते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बॅरी बोम यांनी १९८८ साली एका प्रसिद्ध लेखात असे सुचविले की, सॉफ्टवेअर प्रकल्पाची पावले ठराविक क्रमाने न टाकता, ज्या ठिकाणी जोखीम सर्वांत मोठी असेल तेथे प्रथम टाकावीत. लहान नमुना करून पाहावा, त्यापासून शिकावे, आणि मग पुढचे वर्तुळ आखावे.

आपल्या ग्रंथालयाच्या उदाहरणात एक जोखीम सहज दिसते. नोंदींचे काम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालणार आहे, आणि त्याच महिन्यात कारकुनांना वर्षअखेरच्या हिशेबासाठी बोलाविले जाण्याचा संभव आहे. तो संभव निम्मा धरला आणि त्यामुळे तीन आठवडे वाया जातील असे मानले, तर या जोखमीचे मोल दीड आठवडा होते. अर्थात प्रत्यक्षात दीड आठवडा कधीच वाया जाणार नाही. एकतर तीन जातील किंवा काहीच जाणार नाहीत. या आकड्याचा उपयोग भविष्य सांगण्यासाठी नसून, अनेक जोखमींपैकी कोणतीकडे आधी पाहावे हे ठरविण्यासाठी आहे.

जोखमीला सामोरे जाण्याचे चार मार्ग आहेत. ती टाळता येते : नेहमी वाचली जाणारी पाच हजार पुस्तके आधी नोंदवून १ मे साधावा, उरलेली मागाहून. ती कमी करता येते : आणखी एका कर्मचाऱ्याला हे काम आधीच शिकवून ठेवावे. ती दुसऱ्यावर सोपविता येते : नोंदींचे काम बाहेरच्या संस्थेस कराराने द्यावे. आणि ती जाणीवपूर्वक पत्करताही येते : शेवटी दोन आठवड्यांची राखीव मुदत ठेवावी व ती राखीव आहे हे सर्वांना सांगावे. प्रत्येक जोखीम, तिचे मोल, तिच्यावरील उपाय आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्याचे नाव एका नोंदवहीत लिहून ती दर आठवड्याला वाचावी. साधन साधे आहे. परंतु ते वापरण्यास धैर्य लागते, कारण या नोंदवहीत वरिष्ठांना न आवडणाऱ्या गोष्टी लिहाव्या लागतात.

तळहातावरची काठी

या साधनांच्या प्रकाशात आता तेजसच्या प्रकल्पाकडे पाहू. १९८३ साली या विमानाच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली, आणि १९८४ साली तो पार पाडण्यासाठी बंगळूरू येथे एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी ही संस्था स्थापन झाली. तिच्याबरोबर हिंदुस्थान एरोनॉटिक्स, राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा आणि संरक्षण संशोधन विभागाच्या अन्य प्रयोगशाळा या कामात होत्या. कोटा हरिनारायण यांनी या कार्यक्रमाचे संचालक म्हणून दीर्घकाळ धुरा वाहिली.

चपळाईसाठी तेजसची रचना मुद्दामच अस्थिर ठेवण्यात आली. सामान्य प्रवासी विमान वाऱ्याने डळमळले तरी आपोआप पूर्वस्थितीत येऊ पाहते. तेजस तसे करीत नाही. तळहातावर काठी उभी तोलून धरावी आणि हात सतत हलवीत राहावे, तसे त्याला सतत सावरावे लागते. आणि हे सावरणे मानवी हाताच्या वेगाबाहेरचे असल्यामुळे ते संगणक करतो. वैमानिकाची कळ आणि पंखांवरील झडपा यांच्यामध्ये लोखंडी तारा व दांडे नसून आज्ञावली असते. सुरक्षिततेसाठी संगणकाच्या चार समांतर वाहिन्या ठेवलेल्या असतात, म्हणजे एक बिघडली तरी उरलेल्या काम सांभाळतात. परंतु यंत्र बिघडणे आणि आज्ञावली चुकणे यांत फरक आहे. एकच चूक चारही वाहिन्यांतील आज्ञावलीत असेल तर चारही एकाच क्षणी, एकाच रीतीने चुकतील. तेथे चौपट व्यवस्थेचा काहीही उपयोग होत नाही.

ही केवळ तर्काने मांडलेली भीती नव्हती. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी उतरताना कोसळला; कारण उड्डाण-नियंत्रण व्यवस्थेत होते. १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या वायएफ-२२ या नमुना-विमानाला उतरण्याच्या वेळी अपघात झाला. त्यातही वैमानिकाच्या हालचाली आणि संगणकाचा प्रतिसाद यांचा मेळ बिघडून विमान हेलकावू लागले होते. बंगळूरूच्या अभियंत्यांपुढे ही उदाहरणे होती.

बंगळूरूतील निर्णय

प्रारंभीच्या वेळापत्रकाप्रमाणे तेजसचे पहिले उड्डाण १९९० साली व्हावयाचे होते. ती तारीख फारच आशावादी ठरली. १९८९ साली नेमलेल्या समितीच्या आढाव्यानंतर विमानाचा विकास दोन टप्प्यांत करण्याचे ठरले : आधी केवळ तंत्रज्ञान सिद्ध करणारी नमुना-विमाने तयार करावयाची, आणि ती यशस्वी झाल्यावरच सेनेच्या उपयोगाच्या विमानाकडे वळावयाचे. पहिल्या टप्प्याला १९९३ साली मंजुरी मिळाली. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, सर्वांत मोठ्या जोखमीकडे आधी जाण्याचा हा मार्ग होता.

दुसरा निर्णय इंजिनाविषयीचा. कावेरी हे भारतीय इंजिन बंगळूरूतच विकसित होत होते. नवे विमान आणि नवे इंजिन एकाच वेळी हवेत नेणे म्हणजे दोन अनिश्चित मार्ग एकाच बिंदूवर आणून मिळविणे. म्हणून नमुना-विमानांना अमेरिकन एफ-४०४ इंजिन बसविण्यात आले. कावेरीचे काम लांबत गेले आणि २००८ साली ते तेजसपासून अलग करण्यात आले. पण त्यामुळे विमानाची उड्डाणे थांबली नाहीत.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय उड्डाण-नियंत्रणासंबंधीचा होता. कोणत्या वेगाला, कोणत्या उंचीला झडपा किती हलवाव्यात हे ठरविणारे गणित, म्हणजे नियंत्रण-नियम, देशातच तयार करावयाचे ठरले. १९९२ साली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली त्यासाठी एक राष्ट्रीय गट उभारण्यात आला. नियंत्रण व्यवस्थेच्या उभारणीसाठी मात्र एका अमेरिकन कंपनीचे, पुढे लॉकहीड मार्टिन या नावाने ओळखल्या गेलेल्या उद्योगाचे, सहकार्य घेतले गेले. विमान आकाशात जाण्यापूर्वी हे नियम जमिनीवरील सादृश्ययंत्रांवर आणि 'आयर्न बर्ड' नावाच्या चाचणी-सांगाड्यावर तपासले जात. पुढे १९९६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत एका खास एफ-१६ विमानाला तेजसप्रमाणे वागावयास लावून तेहतीस चाचणी-उड्डाणे करण्यात आली. आपल्या विमानाची रंगीत तालीम दुसऱ्याच्या विमानात, असा हा प्रकार होता.

दरम्यान १७ नोव्हेंबर १९९५ रोजी पहिले तेजस विमान कारखान्यातून समारंभपूर्वक बाहेर आणले गेले. पंतप्रधान नरसिंह राव त्या प्रसंगी उपस्थित होते. विमान डोळ्यांना पूर्ण दिसत होते. आज्ञावली मात्र तयार नव्हती. दिसणारे काम आणि न दिसणारे काम यांतील अंतर याहून ठळकपणे क्वचितच दिसले असेल. त्या दिवसापासून प्रत्यक्ष उड्डाणापर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ गेला.

त्या काळात, १९९८ च्या मे महिन्यात, भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या आणि अमेरिकेने निर्बंध लादले. अमेरिकन कंपनीचे सहकार्य संपुष्टात आले. तेथे काम करीत असलेल्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले. आज्ञावलीची उरलेली पडताळणी बंगळूरूमध्येच पूर्ण करावी लागली. जोखीम दुसऱ्यावर सोपविली म्हणजे ती नाहीशी होत नाही, तिचे केवळ रूप पालटते, हा धडा येथे मिळतो. तांत्रिक जोखीम कमी करण्यासाठी जे सहकार्य घेतले, त्यातून राजकीय जोखीम जन्मास आली. तथापि नियंत्रण-नियमांचे ज्ञान घरी ठेवले असल्यामुळे काम लांबले, पण बंद पडले नाही.

अखेर ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी बंगळूरूच्या विमानतळावरून तेजसचे पहिले उड्डाण केले. ते अठरा मिनिटांचे होते. त्यानंतर तेवीस वर्षे एकही तेजस विमान अपघातात गमावले गेले नाही.

विलंबाचा हिशेब

या हकिगतीचा शेवट एवढ्यावरच केला तर ती अपुरी राहील. सावधगिरीचे मोल असते तसे विलंबाचेही असते. तेजस विमाने वायुसेनेच्या तुकडीत दाखल झाली ती १ जुलै २०१६ रोजी; अंतिम कार्यसिद्धतेचे प्रमाणपत्र मिळाले २०१९ च्या फेब्रुवारीत. ज्या मिग-२१ विमानांची जागा तेजसने घ्यावी अशी मूळची कल्पना होती, ती विमाने अखेरपर्यंत, म्हणजे २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत, वायुसेनेला वापरावी लागली. घाईने उडविलेल्या विमानातील वैमानिक जसा धोक्यात असतो, तसाच नवे विमान न आल्याने जुन्यातच बसणारा वैमानिकही. पहिला धोका प्रकल्पाच्या नोंदवहीत लिहिला जातो. दुसरा बहुधा कोणाच्याच नोंदवहीत नसतो. तो लिहिला जावयास हवा.

तेजसलाही पुढे अपघात झाले. १२ मार्च २०२४ रोजी जैसलमेरजवळ एक विमान कोसळले, त्यातून वैमानिक सुखरूप बाहेर पडला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईतील प्रदर्शनात झालेल्या अपघातात मात्र वैमानिकाला प्राणास मुकावे लागले. जोखीम कमी करता येते. ती शून्यावर आणता येत नाही, ही जाणीव अशा प्रसंगी पुन्हा होते.

परावलंबनाची जुनी जोखीमही संपलेली नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत सुधारित तेजसच्या ८३ विमानांचा करार झाला. ठरलेल्या वेळी विमाने सुपूर्द होऊ शकली नाहीत. अमेरिकेतून येणारी इंजिने उशिरा आली हे त्याचे एक प्रमुख कारण होते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या कारखान्यात तयार झालेल्या अशा पहिल्या विमानाने उड्डाण केले. ज्या एफ-४०४ इंजिनाने एकेकाळी वेळापत्रक वाचविले, त्याच्याच पुरवठ्यावर आता वेळापत्रक अडले. एका काळातील उपाय पुढल्या काळातील जोखीम होऊ शकतो. म्हणून जोखमींची नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे.

पोलारिस प्रकल्पाचे अभ्यासक हार्वे सापोल्स्की यांनी १९७२ साली असे दाखवून दिले की, ज्या पर्ट पद्धतीला त्या प्रकल्पाच्या यशाचे श्रेय मिळाले तिचा प्रत्यक्ष कामात वाटतो तेवढा उपयोग झालाच नव्हता. तिचे सुबक तक्ते बाहेरच्यांची खात्री पटविण्यास मात्र फार उपयोगी पडले. आलेखांचा असाही उपयोग होत असतो, आणि वाचकाने तो ओळखावा. भिंतीवर टांगलेला आलेख पाहताना त्याला तीन प्रश्न विचारावेत. या कामांपैकी कोणते काम अडले असता बाकीची सारी अडतील? प्रत्येक आकड्याच्या मागे सर्वांत वाईट अंदाज कोणता होता? आणि तारीख व सुरक्षितता यांचा विरोध उत्पन्न झाला तर निर्णय कोण घेणार, हे आधीच ठरले आहे काय? तालुक्याच्या ग्रंथालयापासून लढाऊ विमानापर्यंत, ज्या प्रकल्पात या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतात, त्या प्रकल्पाची तारीख पुढे गेली तरी ती का गेली हे सांगता येते. जेथे ती मिळत नाहीत, तेथे काम वेळेवर झाले तरी ते कशामुळे झाले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पुढच्या कामाला त्याचा उपयोग होत नाही.